सामानाची राखण

ठाण्याला यायचं त्यांच्यापैकी कुणाच्याच मनात नव्हतं. होर्मुझहून गलबतात बसले तेव्हा ठरलं होतं कोल्लम, आणि तिथून पुढे जमलं तर चीन. चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू, बरोबर एक डोमिनिकन. पण वाऱ्याने म्हणा, नाखव्याच्या मर्जीने म्हणा, गलबत येऊन लागलं ते आमच्या खाडीत. साल १३२१. मुलूख परका, आणि वर एप्रिलचं ऊन. ठाण्याचा एप्रिल ज्याने एकदा काढलाय, त्याला त्या लोकरी झग्यांची नुसती कल्पनाही करवत नाही.

योनाची गोष्ट आम्ही संडे स्कूलमध्ये शिकलो. देवाने सांगितलं निनवेला जा. हा पठ्ठ्या तार्शीशच्या जहाजात जाऊन झोपला, आणि मग वादळ उठलं. त्यामुळे लहानपणी माझा पक्का समज होता की वादळं न ऐकणाऱ्यांच्याच वाट्याला येतात. ऐकणाऱ्यांची जहाजं वेळेवर पोचतात. हे पाच जण तर ऐकणारे होते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तिन्ही व्रतं घेऊन घराबाहेर पडलेले. त्यांचंही गलबत भलतीकडे लागलं. देवाचं ऐकायचं म्हणजे नक्की काय करायचं, हा प्रश्न मला बायबल उघडून बसल्यावर जेवढा पडत नाही, तेवढा या गलबतापाशी पडतो.

मी राहते डोंबिवलीत, नोकरी ठाण्यात. सकाळची धिमी गाडी. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. कळवा सुटलं की गाडी खाडीवर येते, आणि गर्दीतून एखादी फट मिळाली तर पाणी दिसतं. ओहोटी असेल तर नुसता चिखल आणि तिवरं. डब्यातल्या आम्ही सगळ्याच जणी कुठेतरी दुसरीकडे जायला निघालेल्या घरांतल्या. माझे आजोबा नगरकडून मुंबईत राहायला म्हणून आले. मुंबईत जागा परवडली नाही, म्हणून डोंबिवली. डोंबिवलीतल्या अर्ध्या घरांची कथा हीच असेल. कल्याणला तर त्याहून गंमत. कोल्लमला जाणारे ठाण्यात अडकले, आणि पुढे साडेसहाशे वर्षांनी केरळचे ख्रिस्ती नोकरीपाण्यासाठी इतके इकडे आले की १९८८ मध्ये सिरो-मलबार चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांतच कल्याणच्या नावाने स्थापन झाला. तसं कल्याणला बिशप नवा नाही म्हणा. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहून गेलाय की कल्लियाना इथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमला जातो. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

तर ते पाच जण. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, असं ओडोरिक सांगतो. हा ओडोरिक इटलीचा, पोर्देनोनेचा. घटनेनंतर थोड्याच काळात ठाण्याला येऊन गेला. (त्याने इथल्या उंदरांबद्दलही लिहिलंय: कुत्र्याएवढे थोराड, मांजरांना न जुमानणारे, त्यांना कुत्रेच धरतात. स्टेशनबाहेरच्या गटारापाशी उभं राहून मी याची खात्री देऊ शकते.) त्या पंधरांपैकी एका घरात पाहुण्यांना आसरा मिळाला. पाचवा, जॉर्डानस, काही दिवसांनी गुजरातकडे निघून गेला. मागे राहिलेल्या चौघांच्या समोरच एके रात्री यजमान नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं. ती काजीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिने या परदेशी फकिरांचं नाव घेतलं.

इतिहासातली एवढी मोठी घटना एका मार खाल्लेल्या बाईच्या फिर्यादीतून सुरू होते, आणि तिचं नावही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

काजीने तिघांना बोलावलं. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि दिमित्री. हा दिमित्री तिफ्लिसचा, भाषा जाणणारा, म्हणून दुभाष्या. साक्ष बाजूला राहिली आणि धर्माचा वाद सुरू झाला. वादातून प्रश्न आला पैगंबरांविषयी. थॉमसने जे मनात होतं ते सांगितलं, आणि ते त्या कचेरीत कुणालाही सोसणारं नव्हतं. उन्हात बांधून ठेवणं, आग, आणि शेवटी ९ एप्रिलला तलवार. ही कथा मी गाडीत कधी मोठ्याने सांगत नाही. मुंब्र्याला चढणारी माझी मैत्रीण रोज चौथ्या सीटवर माझ्याशेजारी टेकते, तिच्या डब्यातली खिमा-रोटी आणि माझी भाकरी एकत्र होते. सातशे वर्षांपूर्वीच्या एका काजीचा हिशोब तिच्यापुढे मांडायचं मला काही कारण नाही. शिवाय खरं सांगायचं तर थॉमसच्या त्या उत्तराने मी तितकीशी भारावत नाही. शौर्य होतंच. पण ते शौर्य म्हणजेच आज्ञापालन, असं जे आम्हाला शिकवलं गेलं, तिथे मी थबकते.

कारण याच थॉमसला आधी आज्ञाभंगासाठी तुरुंगात टाकलं होतं, आणि तेही त्याच्याच संघाने. १२७४ च्या लियोंच्या धर्मपरिषदेच्या सुमाराला अफवा उठली की पोप आता फ्रान्सिस्कनांना मालमत्ता बाळगायला लावणार. आंकोनाकडच्या काही बंधूंनी सांगितलं, फ्रान्सिसने आम्हाला गरीब राहायला सांगितलंय, आम्ही नाही ऐकणार. वरिष्ठांनी त्यांना बेड्या ठोकून कोंडलं. त्यांत थॉमस होता. १२८९ मध्ये रेमंड गोफ्रिदी संघप्रमुख झाला, त्याने प्रकरण पाहिलं, आणि यांचा गुन्हा एवढाच की गरिबीवर प्रेम केलं असं ओळखून त्यांना सोडलं आणि आर्मेनियाला धाडलं. म्हणजे ज्याला संघाने उद्धट ठरवलं, त्याच्याच नावाने १८९४ मध्ये रोमने धन्य म्हणून मोहोर उठवली. वरिष्ठाचा हुकूम आणि देवाची आज्ञा या दोन गोष्टी कुणी एकाच ताटात वाढू लागलं की मला हा माणूस आठवतो. आणि तसं वाढणारे आमच्या कोकणपट्टीने पुष्कळ पाहिले. पोर्तुगिजांच्या राज्यात व्हाइसरॉयची सही आणि प्रभूची इच्छा यांत फरक करणं धोक्याचं होतं. गोव्याचं इन्क्विझिशन १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, अडीच शतकं चाललं. त्या भीतीला आज्ञापालन म्हणायची माझी तयारी नाही.

पण मला सांगायचंय ते चौथ्याविषयी.

चौथा सिएनाचा पीटर. तिघांना काजीकडे बोलावलं तेव्हा हा गेला नाही. त्याला घरी ठेवला होता, सामान सांभाळायला. सामान ते काय असणार? एखाददुसरं पुस्तक, मिस्सेचा पेला, वस्त्रं, पाण्याचे भोपळे. बाकीचे तिघं जण गावाच्या मध्यभागी देवाची साक्ष देतायत, आणि हा परक्या घराच्या ओटीवर गाठोड्यांपाशी बसलाय. त्याला काय वाटलं असेल हे कुणी लिहिलेलं नाही. दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, त्यालाही शोधून मारलं. त्यामुळे यादीत चारही नावं सारख्या मानाने येतात. पण ते दोन दिवस मला त्या यादीपेक्षा मोठे वाटतात. मरायची आज्ञा तिघांना मिळाली. थांबायची आज्ञा याला मिळाली, आणि ती त्याने पाळली.

आमच्या व्यासपीठांवरून थांबणाऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही. शौल राजाने युद्धातली उत्तम मेंढरं राखून ठेवली, देवाला अर्पण करायची म्हणून. सांगितलं होतं वेगळंच. शमुवेल आला तर त्याला आधी ऐकू आलं ते मेंढरांचं ओरडणं. मोठ्या सभांचे मंडप, लाउडस्पीकर, परगावच्या उपदेशकांची बॅनरं पाहिली की मला ती मेंढरं ऐकू येतात. देवाला काहीतरी भव्य द्यायची आम्हाला फार हौस. त्याने मागितलेलं असतं बरेचदा अगदी बारीक, कंटाळवाणं आणि कुणाच्या नजरेत न भरणारं.

माझ्या घरात टिळकांचं नाव आदराने घेतलं जातं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते फकिरासारखे राहू लागले. दोन्ही वेळा हाक ऐकली आणि उठले. हे सगळं खरं आणि थोर. पण उठलेल्या माणसाच्या मागे घर असतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी लक्ष्मीबाई नातेवाइकांत होत्या, पदरात दत्तू, आणि काही वर्षं त्यांनी ते दुभंगलेलं आयुष्य ओढलं. टिळकांनी हाक ऐकली ती प्रभूची. लक्ष्मीबाईंना त्या वेळी ऐकू आलं असेल ते फक्त लोकांचं बोलणं. १९०० मध्ये त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःला पटल्यावर बाप्तिस्म्याला गेल्या. नवरा गेला म्हणून लगोलग मागे गेल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लोक हसतात, रडतात. मला त्यात मधल्या वर्षांत सामान सांभाळणारी बाई दिसते.

आणि अशी एक बाई माझ्या ओळखीची आहे. आमच्या मंडळीतल्या एक मावशी, डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहतात. धाकटा भाऊ तरुणपणीच मनाच्या आजारात सापडला. आईबापांच्या मागे तो त्यांच्याकडे आला आणि राहिला. त्याला एकटं सोडता येत नाही, म्हणून मावशी उपासनेला येत नाहीत. पूर्वी गळा असा होता म्हणतात की नाताळात त्यांच्याशिवाय कॅरल निघत नसे. मी अधूनमधून जाते. एकदा न राहवून विचारलं, “मावशी, तुम्हाला प्रभूचा राग नाही येत कधी?”

“येतो की. रोज येतो,” त्या म्हणाल्या. “राग आला म्हणून त्याची चादर बदलायची राहते का? तू आधी ते दूध बघ, उतू जाईल.”

येशूने सांगितलेल्या गोष्टीत बापाचे दोन मुलगे आहेत. एक म्हणतो, जातो, आणि जात नाही. दुसरा म्हणतो, नाही जात, आणि नंतर मुकाट्याने द्राक्षमळ्यात कामाला लागतो. त्या दुसऱ्याबद्दल मी कित्येक प्रवचनं ऐकली, पण त्याचा आवाज कसा असेल ते मला त्या दिवशी स्टोव्हपाशी कळलं. कुरकुरीचा. प्रभूनेही गेथशेमाने बागेत आधी प्याला टळावा म्हणूनच मागितलं होतं. टळला नाही, तेव्हा उठला. कुरकूर आणि ऐकणं एका माणसात नांदू शकतात. उलट ज्यांना देवाची प्रत्येक आज्ञा गोडच लागते, त्यांच्याविषयी मी जरा सावध असते.

राहता राहिला जॉर्डानस. चौघं मेले तेव्हा तो दूर होता. बातमी कळल्यावर परत आला, मित्रांची शरीरं घेऊन सोपाऱ्याला गेला, आज आपण ज्याला नालासोपारा म्हणतो तिथे, आणि त्यांना मूठमाती दिली. नंतर ओडोरिकने त्या अस्थी काढून थेट चीनच्या झैतून बंदराला पोचवल्या. म्हणजे चीनला जायचं ठरलेले शेवटी चीनला गेले. जॉर्डानस मात्र इथेच, एकटा. ताब्रीझच्या बंधूंना त्याने पत्रं लिहिली, एक १३२१ मध्येच. पुढच्या पत्रात चाच्यांनी पकडल्याचं आहे, कैदेचं आहे, दुखण्याखुपण्याचं आहे. हुतात्म्याचा मुकुट आपल्याला मिळाला नाही याची त्याला सल होती. माझ्या मते त्या पाचांत सगळ्यांत अवघड आज्ञा त्यालाच मिळाली: जगायची, पुरायची, हिशेब द्यायची, आणि पुन्हा कामाला लागायची. १३२९ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी त्याला बिशप नेमलं, तेही नेमकं कोल्लमचं.

तलावपाळीला सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, मासुंद्याच्या काठी, अलीकडे कौपिनेश्वर, पलीकडे गडकरी रंगायतन. संध्याकाळी तिथे भेळेच्या गाड्या, घोड्यावर बसणारी पोरं, आणि जांभळी नाक्याकडून येणारा भाजीचा लोंढा. कार्यालयातून सुटल्यावर कधी मी आत जाऊन मागच्या बाकावर टेकते. मी प्रॉटेस्टंट, पण मागच्या बाकाला पंथ नसतो. ज्याच्या नावाचं हे चर्च, त्या योहानाचंही डोकं गेलं ते राजाला खरं बोलल्यामुळे. भिंतीवरचे संत बहुतेक मारले गेलेले. वसईचा गोन्सालो गार्सिया नागासाकीच्या क्रूसावर, ५ फेब्रुवारी १५९७. त्या सगळ्यांपुढे मी मान लवते. मग मावशींना फोन लावते, काही आणायचंय का म्हणून.

एक विनंती आहे, आमच्या पाळकांना आणि डोंबिवली-कल्याण-ठाण्याच्या सगळ्याच मंडळ्यांना, मग त्या कॅथलिक असोत, प्रॉटेस्टंट असोत, सिरो-मलबार असोत. उपासनेला कोण येत नाही, याच्या याद्या आपण आपुलकीने ठेवतो आणि मग त्यांना थंडावलेले म्हणतो. त्या याद्या पुन्हा एकदा काढा. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, कुणाकडे न सोडता येणारं मूल, कुणाकडे भाऊ, ते पाहा. त्यांच्याकडे प्रभुभोजन घेऊन जाच. पण तेवढ्यावर थांबू नका. येत्या रविवारी तरण्याताठ्यांपैकी एकाने उपासना चुकवावी, सकाळी साडेआठला मावशींच्या दारात हजर व्हावं, आणि दोन तास त्यांच्या भावापाशी बसावं. त्याला चहा फार साखरेचा लागतो आणि रेडिओ बंद केलेला चालत नाही. तेवढ्यात मावशी चर्चला जाऊन, गाऊन परत येतील.