‘काळजी घ्या’ म्हणजे नेमकं काय करा?

माझे पप्पा बेळगाव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या घरचं वेळापत्रक शिफ्टवर चालतं. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला बऱ्याचदा पप्पा नसतात. कारखान्यात ऊस जिथं पडतो त्या जागेलाही गव्हाणच म्हणतात. आमच्या घरी गव्हाणीत बाळ येशू निजलेला असतो. पप्पांच्या गव्हाणीतून लोखंडी साखळ्यांचा कॅरियर दिवसरात्र ऊस ओढत असतो.

मागच्या ऑफ-सीझनला पप्पांनी मला एक काम सांगितलं. रस काढल्यावर उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरकडे नेणारा एक रबरी पट्टा आहे. तिथली मराठी पाटी गंजली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘सावधान! काळजी घ्या.’ पप्पा म्हणाले, "हे वाचून माणसानं हाताचं नेमकं काय करायचं? तू साहित्य शिकतेस न्हवं, जरा नीट लिहून दे बघू."

लिहायच्या आधी तिथं काय घडतं ते समजून घ्यायला हवं होतं. जेवणाच्या टेबलावर पप्पांनी दोन बेलणी आणि एक टॉवेल घेऊन पट्टा तयार केला. पट्टा ड्रमवर चढतो ती फट सगळ्यात वाईट. तिथं बाही, फडकं, फावडं, काहीही सापडलं की आत ओढलं जातं. पट्टा सेकंदाला दीड मीटर जात असेल, तर दचकून हात मागे घ्यायला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदात तो पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे अख्खा हात. चपळपणा तिथं कामाला येत नाही. म्हणून त्या फटीपुढे जाळी लागते. यंत्राचे धोक्याचे भाग चालू असताना झाकलेले असावेत, असं १९४८ चा कारखाना कायदाही सांगायचा.

देखभाल म्हणजे रोजची साधी कामं. पट्टा एका बाजूला सरकतोय का, रोलर अडकलाय का, बेअरिंग गरम होतंय का, हे फिरून बघायचं. अडकलेला रोलर घासून तापतो, आणि खाली वाळलेल्या बगॅसचा ढीग असला तर आग लागू शकते. ग्रीसची नळी जाळीच्या बाहेर काढलेली असली, तर ग्रीस भरायला जाळी उघडावी लागत नाही. पट्ट्याच्या कडेनं दोरी असते, ती कुठूनही ओढली की पट्टा थांबतो. पण दोरी ओढली म्हणून आत हात घालायचा नाही. दुसरीकडून कुणीतरी पट्टा पुन्हा चालू करू शकतं. आत जायचं तर मेन स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप घालायचं. दोघं आत जाणार असतील तर कुलुपं दोन.

एवढं सगळं माहीत असूनही अपघात होतात. कारण घाई.

एका रात्री शेवटच्या ड्रमखाली ओला बगॅस तुंबला. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. सुपरवायझर म्हणाला, "फावड्यानं ओढून टाका, दोन मिनिटांचं काम आहे." पप्पा म्हणाले, "आधी कुलूप." वीस मिनिटं पट्टा बंद राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांना ऑफिसात बोलावून त्या वीस मिनिटांचा जाब विचारला. पप्पांनी तो गप्प ऐकून घेतला. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या जोडीदाराची दोन बोटं अशाच दोन मिनिटांच्या कामात गेली होती. घरी येऊन ते मम्मीला एवढंच म्हणाले, "बोलणी खाल्ली, पण दहाच्या दहा बोटांनी जेवतोय."

तेव्हा मला जुन्या पाटीतली खोट कळली. ‘काळजी घ्या’ या वाक्यात काम नाही, वस्तू नाही, वेळ नाही. अपघात झालाच तर मात्र, ‘त्यानं काळजी घेतली नाही’ म्हणायची सोय आहे. सगळा भार बोटं गेलेल्यावर.

मी चार ओळी लिहून दिल्या:

पट्टा चालू असताना हात, फावडं, फडकं आत घालू नका.
साफ करण्याआधी मेन स्विच बंद करा, स्वतःचं कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा.
स्टार्टचं बटण दाबून पट्टा सुरू होत नाही, याची खात्री करा.
जाळी बसवल्याशिवाय कुलूप काढू नका.

यात एकही अलंकार नाही. पण प्रत्येक ओळीत हाताला काहीतरी करायला आहे. पाटी रंगवून लागली, हंगामी कामगार ती एकमेकांना वाचून दाखवतात, असं पप्पा सांगतात.

मी पाचवी ओळही दिली होती, ऑफिसच्या भिंतीसाठी: ‘पट्टा थांबवणाऱ्याला घाई करू नका.’ पप्पांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. ती अजून लागलेली नाही.