मागचं डावं दार

कोणी हात धरून चालवलेलं माझ्या आईला कधी खपलं नाही. माहेर आर्वीचं. पुलगाव-आर्वीच्या लहान रेल्वेत एका काखेत मूल आणि दुसऱ्या हातात पिशव्या घेऊन ती एकटी चढायची-उतरायची. पुढे संधिवातानं बोटं वाकडी झाली, तरी आमच्या जुन्या मारुती 800 चं मागचं डावं दार तीच उघडणार, हा नियम होता. आणि नेमकं तेच दार अडू लागलं.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात तिला तपासणीसाठी न्यावं लागे. नाचणगावातून देवळीमार्गे सकाळी लवकर निघायचं. हिवाळ्यात त्या वेळी दार हटून बसे. दुपारी ओपीडी आटोपून परत निघताना मात्र जरा सैल व्हायचं, पण सहज असं कधीच उघडलं नाही. शहरातल्या एका गॅरेजात दाखवलं. पूर्ण लॅच बदला, म्हणाले. कंपनीनं 2014 च्या जानेवारीत 800 बनवणं थांबवलेलं, त्यामुळे त्यांचा एकूण सूर गाडीच बदला असा होता. मग मी उतरून तिच्यासाठी दार उघडू लागलो, तर तिनं दवाखानाच टाळायला सुरुवात केली. आज एकादशी, उद्या गुडघा. कारण काय ते मला कळत होतं. तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

नाचणगावच्या ज्या मिस्त्रींकडे शेवटी गेलो, त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही. पुलगावच्या कापडगिरणीत ते फिटर होते. गिरणी बंद पडली आणि त्यांनी टिनाच्या शेडखाली गॅरेज टाकलं. गिरणी गेल्यावर या भागातल्या किती हातांचं कसब असं स्कूटरी, पंप, कुलरच्या मोटारी यांत विखुरलं, त्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

मिस्त्रींनी मला काही विचारलंच नाही. आईला म्हणाले, "काकू, तुमीच उघडून दाखवा बरं." ती उघडत असताना ते तिच्या बोटांकडे बघत होते. मग उघड्या दाराच्या लॅचचा आकडा त्यांनी पेचकसानं दाबून बंद केला आणि पुन्हा तिलाच हँडल ओढायला लावलं. दार उघडं असताना खटका तिच्या हातानं सुटला. जड, पण सुटला. "लॅचवर कायले रागावता जी, दारच खाली आलं," मिस्त्री म्हणाले. खांबावरच्या ज्या कडीत लॅच अडकतो, तिच्या एकाच बाजूला घासल्याची चकाकी होती. दाराचं टोक त्यांनी वर उचललं, तर बिजागरीत खडखड वाजलं. पिन झिजली होती. सगळ्या दाराचा भार कडीवर टेकला होता आणि आईची बोटं तो भार ओढत होती.

सकाळचं कोडं मात्र आत होतं. काच खाली-वर करायच्या हँडलमागे त्यांनी फडक्याची पट्टी घातली, दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढली, तशी आतली क्लिप टुणकन उडाली. आतला पुठ्ठा काढला, त्यामागचा प्लास्टिकचा कागद हळूच सोडवला आणि लॅच बाहेर आला. काळ्या, चिकट मळानं माखलेला. त्यांनी बोट लावून वास घेतला. "हे तं डोक्याचं तेल हाय!" आई दुसरीकडे बघू लागली. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठायला लागतं. आमच्याकडे डिसेंबरची पहाट त्याच्या कितीतरी खाली असते. दुपारी ऊन लागलं की ते वितळायचं, मधल्या काळात रस्त्याची धूळ धरून ठेवायचं.

लॅच रॉकेलात बुडवून जुन्या दातब्रशानं घासला, वाळू दिला, मग बेतानं ग्रीस. हँडलपासून लॅचपर्यंत जाणाऱ्या सळईतली ढिलाई काढली. पिन लेथवर करून आणली. कडीचे स्क्रू ढिले करून ती केसभर सरकवली, दार लावलं, उघडलं, पुन्हा सरकवली. याच कामात त्यांचा अर्धा दिवस गेला. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी केली, ते कोणी सांगितलंही नव्हतं. प्लास्टिकचा कागद होता तसा चिकटवला; तो फाटला की पावसाचं पाणी आतल्या पुठ्ठ्यात मुरतं.

आईनं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि आत जाऊन बसली. मिस्त्रींनी पिनचे पैसे आणि दिवसाची मजुरी घेतली, वर एक रुपया नाही. पुढे कधी रस्त्यात गाडी दिसली की ते थांबवायचे आणि मागच्या काचेशी वाकून विचारायचे, "काकू, उघडते ना?" त्यांना पुन्हा कधी पेचकस लावावा लागला नाही. आई शेवटपर्यंत सेवाग्रामला गेली आणि दार तिनंच उघडलं. हे ऋण मजुरीत फिटलेलं नाही, आणि ते फेडायची मला घाईही नाही.

तुमच्या घरी वयस्क माणूस असेल, तर एकदा गाडीचं दार त्यांनाच उघडायला सांगा आणि त्यांच्या बोटांकडे बघा. जड जात असेल, तर मिस्त्रीकडे त्यांनाही सोबत न्या.