ताजियतीच्या तीन दिवसांनंतर

आपल्याकडे मय्यत झाली की ताजियतीचे तीन दिवस घर माणसांनी भरलेले असते. चौथ्या दिवशी चटया गुंडाळल्या जातात आणि घरच्यांचा खरा सब्र तेव्हा सुरू होतो. सैन्यात शहीद झालेल्यांच्या घरी पुढे काय होते, हा प्रश्न मनात घेऊन एका रविवारी आम्ही मुलांसह घराबाहेर पडलो.

आधी विलेपार्ले. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना जोडणारा इथला पूल कॅप्टन विनायक गोरे यांच्या नावाचा आहे. १९९५ मध्ये ते काश्मीरमध्ये शहीद झाले. धाकट्याने विचारले, "त्यांची अम्मी?" आम्ही सांगितले, त्यांच्या आईचे नाव अनुराधा गोरे. मुलगा गेल्यावर त्यांनी जवानांच्या शौर्यकथा लिहिल्या. पुलाला मुलाचे नाव मिळाले, आईने इतरांच्या मुलांचीही नावे जपली.

अंधेरीहून मेट्रो पकडली. असल्फाच्या टेकडीवरची रंगीत घरे पाहत घाटकोपरला उतरलो आणि रिक्षाने पूर्वेला कामराज नगर गाठले. अग्निवीर मुरली नाईक याच वस्तीत वाढले. आईवडील मोलमजुरीसाठी आंध्रातून आलेले, मुलगा एकुलता एक. ९ मे २०२५ रोजी नियंत्रण रेषेवर पाकिस्तानच्या गोळीबारात ते शहीद झाले. इथले त्यांचे घर पुनर्विकासात आधीच पाडले गेले होते आणि आईवडील गावी परतले होते. दार ठोठवावे तर दारच नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन मिनिटे दुआ केली.

अग्निवीराच्या कुटुंबाला ४८ लाखांचा विमा आणि लढताना मृत्यू आला तर ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान मिळते. मात्र नियमित जवानाच्या घरच्यांना मिळते ती कायमची पेन्शन नाही. हा भेद मिटावा म्हणून मुरलींच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आहे. एकरकमी पैसा कधीतरी संपतो, आईबापांची वर्षे मात्र काढायची उरतात.

ही वर्षे किती असू शकतात? हवालदार अब्दुल हमीद १९६५ च्या युद्धात शहीद झाले. मरणोत्तर परमवीरचक्राने त्यांचे नाव घराघरांत पोहोचले. त्यांच्या पत्नी रसूलन बीबी २०१९ मध्ये वारल्या. म्हणजे त्यांच्याशिवाय ५४ वर्षे!

परतताना मुलांशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला घरातल्या प्रत्येकाने आपल्या खर्चातून काहीतरी द्यायचे, कारण तो निधी जवानांच्या कुटुंबांसाठी आणि माजी सैनिकांसाठी असतो. आणि आपल्या गल्लीत, इमारतीत एखादी वीरमाता किंवा वीरपत्नी राहत असेल, तर तिचा धर्म-जात न पाहता ईदच्या शीरखुर्म्याचा पहिला डबा तिच्या घरी न्यायचा. डबा ठेवून लगेच निघायचे नाही. थोडे बसायचे आणि तिला तिच्या माणसाबद्दल बोलू द्यायचे.