उशाची फळी

कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या रोहे गावात जुनी कौलारू घरे आता थोडीच उरली आहेत. जांभ्या दगडाच्या भिंती, भिंतींवर सागाच्या जाड तुळया, तुळयांवर वासे व रिपा आणि सर्वांत वर कौले, अशी त्यांची बांधणी. त्यांतल्याच एका घरात एक आजी राहत असे. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. मुलगा नोकरीनिमित्त पेणला राहू लागला, तरी आजीने रोहे सोडले नाही.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने वारा वाहत होता. परसातला आंबा मुळासकट उपटला गेला आणि आजीच्या घराच्या मागील पडवीवर आडवा झाला. कौलांचा चुरा झाला, वासे मोडले. पडवीची तुळई मात्र खाली येऊनही दुभंगली नाही.

जुन्या लाकडाचा व्यापारी लवकरच दारात उभा राहिला. आजीने वासे विकले आणि आलेल्या पैशांत पडवीवर पत्रे घातले. तुळई तिने दिली नाही. माजघराची दोन हिरवी कवाडेही दिली नाहीत. वादळात त्यांची चौकट निखळली होती. पण कवाडे धड होती, आणि त्यांवरची नक्षी अजून उठून दिसत होती. “आज ना उद्या उपयोगी पडतील,” एवढेच ती म्हणाली.

तो उपयोग पुढल्याच वर्षी समोर आला. पेणला नात झाली. वर्षभर ती पाळण्यात निजली. एके सकाळी आई पाहते तो काय, पोर पाळण्याची कड धरून उभी! पाळणा हेलकावे घेत होता आणि पोर हसत होती. आईच्या काळजात धस्स झाले. उभे राहू लागलेल्या मुलाला पाळणा निर्धोक नसतो. चारही बाजूंनी कठडा असलेला छोटा पलंग करावयाचे ठरले, आणि तुळई व कवाडे टेम्पोत घालून नागोठण्यावरून पेणला आली. सोबत आजीही आली.

पेणच्या मिस्त्रींनी तुळईला लगेच करवत लावली नाही. त्यांनी प्रथम ती ब्रशने घासून स्वच्छ केली, आणि लोहचुंबकाचा तुकडा तिच्या अंगावरून इंच इंच फिरवला. जुन्या लाकडात मोडके खिळे दडलेले असतात. एखादा राहून गेला तर करवतीचे दात जातात आणि कधी कामगाराचा डोळाही. अकरा खिळे निघाले. मग एका टोकाची चकती कापून त्यांनी ती आजीच्या हातात दिली. बाहेरचा पांढुरका थर वाळवीने पोखरलेला होता. आतला गाभा सोनेरी, घट्ट आणि अजून सुवासिक होता. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात, बाहेरच्या थराला ते कवच नसते. म्हणून जुने लाकूड सरसकट चांगले समजणाऱ्याची फसगत होते. मात्र गाभा निकोप असेल तर त्याच्यासारखे दुसरे नाही. ताज्या लाकडातले पाणी जसजसे उडून जाते तसतसे ते आक्रसते, पीळ खाते, चिरते. या तुळईने कित्येक पावसाळे आणि उन्हाळे पाहून ते सारे केव्हाच उरकले होते.

“आणि उशाला ही कवाडे लावा,” आजी म्हणाली. “माझा गृहप्रवेश ह्या दारातून झाला, मिस्त्री. पोरीच्या उशाशी ती असावीत.”

मिस्त्रींनी कवाडांवरून हात फिरवला. हिरव्या रंगाचा एक पापुद्रा त्यांच्या बोटाला चिकटून आला.

“काकी, बाकी काय म्हणाल ते करतो. हे करणार नाही.”

“का बरे?”

“ह्या जुन्या तेलरंगांत शिसे असते. पोर कठडा चावणार, पापुद्रे तोंडात घालणार. तिच्या पोटात शिसे गेले तर?”

मिस्त्रींचे म्हणणे खरे होते. रंग लवकर वाळावा, टिकावा व खुलावा म्हणून पूर्वी त्यात शिशाची संयुगे सर्रास घालीत. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. त्याचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी कायद्याची मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. ती कवाडे त्याच्या कितीतरी आधी रंगवलेली होती.

“मग रंग घासून काढा,” मुलगा म्हणाला.

“घासला की धूळ उडते, साहेब. ती रंगापेक्षा वाईट. माझीही नातवंडे येथेच खेळतात.”

आजी काही बोलली नाही. संध्याकाळच्या एस.टी.ने ती रोह्याला परतली. जाताना तिने पोरीचा पापा घेतला. मिस्त्रींकडे मात्र पाहिले नाही. मिस्त्रींनाही त्या रात्री चैन पडले नसावे, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंगाच्या तीनच बाजू आखल्या. उशाची बाजू मोकळी ठेवली.

काम सुरू झाले. तुळईच्या फळ्या कापल्या, रंध्याने गुळगुळीत केल्या. पायांना खाचा पाडल्या आणि आडव्या पट्ट्यांची टोके तासून त्यांत घट्ट बसवली. गज उभे करताना मिस्त्रींनी सहा सेंटिमीटर रुंदीचा लाकडी ठोकळा करून घेतला. दोन गजांमधून तो सहज गेला तर अंतर जास्त झाले असे समजावयाचे. फट मोठी असली की मूल तीतून पाय घालते, मग धड सरकते, आणि शेवटी डोके अडकते. कठडा पोरीच्या छातीच्या वर येईल इतका उंच ठेवला, कारण मूल वाढते आणि पलंग वाढत नाही.

आठव्या दिवशी आजी पुन्हा पेणला आली. पलंगाची मोकळी बाजू पाहून ती तेथेच पाटावर बसली.

“मिस्त्री, एक आठवले,” ती हळूच म्हणाली. “आमचा हा लहान असताना रुसला की त्या दाराआड उभा राही आणि नखाने रंगाचे पोपडे काढी. तोंडातही घाली. मी त्याच्या हातावर फटका मारी. दार विद्रूप होते म्हणून हो!”

मुलगा जवळच उभा होता. तो हसला, पण आजी हसली नाही.

“कवाडे राहू द्यात,” ती म्हणाली. “त्याच तुळईची फळी बसवा.”

उरलेल्या तुकड्यातून उशाची फळी निघाली. तिच्यात जुन्या खिळ्याचे एक भोक होते. लोखंडामुळे भोवतीचे लाकूड काळे पडले होते. पोरीचे बोट अडकू नये म्हणून मिस्त्रींनी त्यात सागाचीच खुंटी ठोकून ती सपाट केली. राहता राहिले तेल. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात. ते वाळवीला दूर ठेवते, पण अंगाला लागले की फोड येतात. येथे ते उपयोगाचे नव्हते. मिस्त्रींनी अळशीचे कच्चे तेल हलक्या हाताने चोळले आणि पंधरा दिवस पलंग सावलीत सुकू दिला. तेलाची फडकी त्यांनी गोळा करून ठेवली नाहीत, एकेक करून अंगणात पसरली. अशा फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेतो.

हिरवी कवाडे कापडात गुंडाळून पुन्हा रोह्याला गेली आणि माळ्यावर चढली. माळ्याची शिडी आजीने काढून ठेवली.

पलंग घरी आला त्या रात्री आजी मुद्दाम पेणला राहिली. तिने गादी घातली, उशाच्या फळीवरून दोनदा हात फिरवला आणि पोरीला निजवले. मध्यरात्री उठून पाहते, तो पोर फिरून आडवी-तिडवी झाली होती. डोके पायथ्याशी होते आणि दोन्ही पावले उशाच्या फळीला टेकवून ती गाढ झोपली होती.