ला सिओता येथील गोळ्यांचें मैदान

फ्रान्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेय शहरापासून पूर्वेकडे सुमारें ३० किलोमीटरांवर, ला सिओता नांवाचें एक लहानसें बंदर आहे. चित्रपटाच्या इतिहासांत या गांवाचें नांव मोठें आहे. ल्यूमिएर बंधूंनीं आगगाडी स्थानकांत येत असल्याचें जें चित्र १८९६ सालीं लोकांस दाखविलें, त्यांतील स्थानक येथलेंच. पूर्वीं येथें प्रचंड जहाजें बांधीत. तो कारखाना १९८० ते १९९० या दशकाच्या अखेरीस बंद पडला, आणि आतां तेथें धनिकांच्या क्रीडानौकांची डागडुजी होते. प्रवासी हें सर्व पाहून जातात. आम्हांस मात्र गांवांतील गोळ्यांच्या मैदानाचें अधिक अगत्य होतें; कारण एका जखडलेल्या माणसाच्या सोयीसाठीं जन्मास आलेला असा दुसरा खेळ आमच्या ऐकिवांत नाहीं.

त्याची हकीकत अशी. प्रोव्हांस प्रांतांत गोळे फेकण्याचा खेळ फार जुना. एक लहान लांकडी गोळी दूर टाकावयाची, आपापले गोळे तिच्या होईल तितक्या निकट नेऊन ठेवावयाचे, आणि प्रतिपक्षाचा गोळा आड आला तर तो उडवून लावावयाचा. या जुन्या प्रकारांत अंतर १५ ते २१ मीटर, आणि नेम मारणारास तीन पावलें धांवत येऊन गोळा फेकावा लागे. ज्यूल लन्वार नांवाचा येथील एक खेळाडू संधिवातानें जखडला. तीं तीन पावलें त्यास अशक्य झालीं. तेव्हां त्याचा स्नेही एर्नेस्त पितियो याच्यासह त्यानें निराळी रीत धरली. अंतर कमी करावें, जमिनीवर एक वर्तुळ आंखावें, आणि दोन्ही पाय त्यांत रोवून जागच्या जागीं गोळा फेकावा. हें १९०७ ते १९१० च्या दरम्यान घडलें. तिकडील बोलींत रोवलेल्या पायांस जो शब्द आहे, त्यावरून खेळास पेतांक हें नांव पडलें. आमच्या धनुर्वेदांत बाण सोडतांना उभें राहण्याचे आलीढ, प्रत्यालीढ वगैरे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत समपाद म्हणूनही एक आहे. या मैदानावरील म्हाताऱ्यांचा पवित्रा पाहून आम्हांस तोच आठवला.

लन्वारपेक्षां पितियोचें आम्हांस अधिक कौतुक वाटतें. धांवूं न शकणाऱ्या मित्रासाठीं त्यानें स्वतःही जागेवर उभें राहून खेळण्याचें पत्करलें. आमच्या घरांतून याच प्रसंगीं काय होतें? ‘आजोबांना खुर्ची द्या’ म्हणून कोणीतरी ओरडतो, खुर्ची येते, शालही येते, आणि आजोबा त्या क्षणापासून प्रेक्षक होतात. यांत आदर नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो आदर माणसाला डावांतून उठवितो.

मार्सेय येथें चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं असतां नातवास बरोबर घेऊन आम्हीं येथें तीन संध्याकाळा काढल्या. झाडांच्या सांवलींत खडीची जमीन. बहुतेक खेळाडू साठीच्या पलीकडले, कांहीं स्त्रियाही. येणारा प्रत्येकजण आधीं सर्वांशीं हस्तांदोलन करी. पोलादी गोळा ६५० ते ८०० ग्रॅम वजनाचा असतो. आमच्या हातीं कोणीं एक दिला तेव्हां घरच्या पाट्यावरील वरवंट्याची सय झाली, इतका तो तळहातास थंड लागला. ज्यांना वांकवत नाहीं त्यांच्यापाशीं दोरीला बांधलेला लोहचुंबक असतो. तो खालीं सोडला कीं गोळा आपोआप वर येतो! अंतर आतां ६ ते १० मीटर, आणि डाव १३ गुणांचा. गोळा जवळ कोणाचा यावरून वाद झाला कीं टेप निघते, आणि न्यायाधीशाच्या गांभीर्यानें मोजणी होते. एकही गुण न मिळवितां हरणारास फानी नामक एका ललनेच्या प्रतिमेचें चुंबन घ्यावें लागतें; कोठें, तें या मासिकांत लिहितां येत नाहीं. बडीशेपेच्या स्वादाचें मद्यही तेथें चालतें. तो भाग आमच्या वाचकांनीं सोडून द्यावा.

हा खेळ आपल्या पुदुच्चेरींतही फ्रेंच अंमलाची आठवण म्हणून चालतो. परंतु इकडील पेन्शनरांस तो फारसा ठाऊक नाहीं. आमचे लोक सकाळीं फिरावयास जातात आणि नंतर कट्ट्यावर बसतात. फिरणें प्रकृतीस उत्तम, कट्टाही वाईट नव्हे. पण कट्ट्यावरचा एखादा गृहस्थ दिसेनासा झाला, तर ‘मुलाकडे गेला असेल’ एवढ्यावर विषय मिटतो, आणि कधीं कधीं खरी बातमी तेरावा दिवस उलटल्यावर कळते. कट्ट्याला माणूस कमी पडत नाहीं. येथें तिघांचा संघ असतो, प्रत्येकाचे दोन गोळे असतात. तिसरा आला नाहीं तर डावच अडतो.

तिसऱ्या दिवशीं असेंच झालें. एक उंच, टोपीवाला म्हातारा, जो आदल्या दोन्ही दिवशीं सर्वांशीं भांडला होता, तो ठरल्या वेळीं आला नाहीं. दहा मिनिटें वाट पाहून एकजण सायकलीवर बसून त्याच्या घरीं गेला. परत आल्यावर त्यानें जें सांगितलें, त्याचा अर्थ नातवानें आम्हांस कळविला: पायाला सूज आहे, उद्यां येतों म्हणतो, आणि कालचा तो गोळा माझाच जवळ होता म्हणतो. सगळे हंसले. त्याचे दोन गोळे त्या दिवशीं तेथें बागडत असलेल्या एका दहाअकरा वर्षांच्या मुलीनें फेकले, आणि बरे फेकले.