कळमेश्वरचा वाडा आणि मुंबईचा किनारा

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या मार्गावर कळमेश्वर हे तालुक्याचे गाव आहे. भोवती कापसाची आणि तुरीची शेते, काटोल-नरखेडच्या दिशेने संत्र्याच्या बागा, नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे स्थानक आणि अलीकडच्या काळात वाढलेली औद्योगिक वसाहत, असे या गावाचे रूप आहे. धापेवाड्याचे विठ्ठल मंदिर आणि अदाशाचा गणपती यांमुळे यात्रेकरूंनाही ते परिचित आहे. अशा गावांतील व्यापारी पेठेत घर आणि दुकान ही दोन निराळी स्थळे नसतात. रस्त्याकडे गादी, तिच्या मागे कोठार, त्यामागे ओसरी, माजघर, चौक आणि विहीर, अशी एकाला एक जोडलेली ती वास्तू असते. गादीवर बसलेल्या गृहस्थाला स्वयंपाकघरातील हालचाल ऐकू येते, आणि माजघरातील सुनेला दुकानात कोण ग्राहक आला हे आवाजावरून कळते.

अशी घरे आज एकामागून एक विकली जात आहेत. मुले शिकून मुंबई-पुण्यास गेली, नातवंडांच्या शाळा तिकडे सुरू झाल्या, आणि वाड्यात दोन वृद्ध माणसे उरली. दिवाळीला चार दिवस उघडणाऱ्या खोल्यांना वर्षभर वाळवी लागते. कौले फेरण्यास माणूस मिळत नाही. मग एके दिवशी मुलगा म्हणतो, “बाबा, आता तुम्ही दोघे इकडेच या.” या वाक्याचे उत्तर देणे व्यवहारात पारंगत असलेल्या गृहस्थासही जड जाते, कारण आयुष्यभर त्याने माल विकला असला, तरी घर कधी विकलेले नसते.

विक्रीचा व्यवहार

जुन्या वाड्याची विक्री ही बहुधा कागदांपाशी अडते. वाडा आजोबांच्या नावे, कराची पावती वडिलांच्या नावे आणि राहणारा नातू, अशी स्थिती अनेक घरी आढळते. म्हणून प्रथम भूमी अभिलेख कार्यालयातील मालमत्ता पत्रक आणि नगर परिषदेची कर आकारणीची नोंद जुळवून घ्यावी लागते. वारसांची नोंद राहिली असल्यास ती करून घ्यावी लागते. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा हक्क कायद्याने भावांच्या बरोबरीचा आहे. त्या आपला हिस्सा घेणार असतील तर तो सन्मानाने द्यावा. सोडणार असतील तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. रक्षाबंधनाच्या दिवशी तोंडी झालेल्या बोलण्यावर खरेदीखत उभे राहत नाही, आणि त्या बोलण्यापायी पुढे नाती तुटल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कराचा हिशोबही आधीच मांडावा. घर 2001 पूर्वीचे असल्यास 1 एप्रिल 2001 रोजीचे वाजवी बाजारमूल्य आधार म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल उपयोगी पडतो. राहत्या घराच्या विक्रीतून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवल्यास प्राप्तिकरात सवलत मिळते. त्यासाठी विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घर विकत घ्यावे, अथवा तीन वर्षांत बांधावे, अशी मुदत आहे. वाडा एकत्र कुटुंबाच्या नावे असल्यास नवे घर कोणाच्या नावे घ्यावे, हे सनदी लेखापालास विचारूनच ठरवावे.

ज्या घरात देरासर किंवा चैत्यालय आहे, तेथे आणखी एक काम असते, आणि ते सर्वांत आधीचे असते. प्रतिष्ठित प्रतिमा सामानाबरोबर बांधून नेता येत नाही. साधू-साध्वींचे अथवा प्रतिष्ठाचार्यांचे मार्गदर्शन घेऊन ती विधिपूर्वक मंदिरात विराजमान करावी लागते. इसार घेण्यापूर्वीच हे ठरलेले बरे. देवाची खोली रिकामी झाल्यावर वाड्यात एक निराळीच शांतता येते. तोपर्यंत व्यवहाराच्या गडबडीत गुंतलेल्या घरातील गृहिणीला, घर खरोखरच चालले आहे, याची जाणीव पुष्कळदा त्या क्षणी होते.

शास्त्रकारांनी बाह्य परिग्रहाची गणना करताना सोन्या-रुप्याच्या आधी क्षेत्र आणि वास्तू यांची नावे घेतली आहेत. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. दागिना मोडताना हात थांबतो, पण घर सोडताना पाय थांबतात. भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात. उंबरठ्याशी एखाद्या दिवंगताची आठवण असते. विक्रीनंतर हे सारे दुसऱ्याचे होते, आणि त्याने भिंत पाडली तरी बोलण्याचा अधिकार उरत नाही.

कापूस आधी पोहोचला

मुंबई हे कळमेश्वरच्या गृहस्थाला परके शहर वाटते. वास्तविक दोहोंचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली आणि 1867 साली तो लोहमार्ग नागपूरपर्यंत आला. मधल्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस थांबल्याने इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागला. पुढे 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरातच सुरू झाली, तरी भाव ठरवणारा बाजार मुंबईचाच राहिला. काळबादेवीच्या बाजारातील दर तारेने विदर्भातील गादीवर येई आणि त्यावर सकाळचा सौदा होई. आजही नागपुरी संत्री वाशीच्या घाऊक बाजारात उतरतात. म्हणजे माल कधीच तेथे पोहोचला होता. आता समृद्धी महामार्गाने नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचे 701 किलोमीटर जोडले गेल्यावर माणसेही तिकडे निघाली आहेत.

पायधुणीपासून ओळख

या शहराची ओळख उंच इमारतींपासून करून घेतल्यास ते दूरच राहते. पायधुणीपासून प्रारंभ करावा. मुंबई मूळची सात बेटांची. बेटांमधील खाडी ओलांडून आलेला वाटसरू जेथे पाय धुई, ते स्थान पायधुणी म्हणून ओळखले गेले, असे मानतात. 1661 च्या तहाने पोर्तुगीजांनी ही बेटे इंग्रजांना दिली, 1668 मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, आणि पुढे बंधारे घालून, भराव टाकून एकच सलग भूमी तयार झाली. 1803 साली कोटाच्या आत मोठी आग लागली. त्यानंतर देशी व्यापाऱ्यांची वस्ती कोटाबाहेर झपाट्याने वाढली. पायधुणीवरील गोडीजी पार्श्वनाथांचे मंदिर 1812 सालचे आहे. आगीतून उठलेल्या पेढ्यांनी दुकानांबरोबर मंदिरही उभारले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गर्दीच्या रस्त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

तेथून भायखळ्यास जावे. खंभातहून आलेल्या घराण्यातील मोतीशा शेठ (1782–1836) यांची जहाजे चीनपर्यंत जात. त्यांनी 1828 मध्ये भायखळ्यास आदीश्वरांचे मंदिर बांधविले. पालिताण्याच्या शत्रुंजयावर मोठी दरी भरून उभी केलेली मोतीशा टूक त्यांचीच. तिची प्रतिष्ठा मात्र त्यांना पाहता आली नाही. मुंबईचे पांजरापोळ 1834 साली स्थापन झाले, त्यात मोतीशा शेठ आणि पारशी दानशूर जमशेटजी जीजीभाई हे दोघे बरोबर होते. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दोन वर्षांपूर्वी शहरात दंगल उसळली होती, आणि त्या प्रश्नाला व्यापाऱ्यांनी शोधलेले हे स्थायी उत्तर होते. भुलेश्वरच्या दाट वस्तीत आजही गाईंना चारा घालणारे लोक दिसतात.

फोर्टमधील राजाबाई टॉवर सर्वांनी छायाचित्रात पाहिलेला असतो. सुरतेत जन्मलेले कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी मातेच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि 1878 मध्ये पूर्ण झाला. मातेची दृष्टी गेली होती. घड्याळाचे टोले ऐकून तिला सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. प्रेमचंदांनी देणगी दिली ती भरभराटीच्या काळात. 1865 मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांची सारी संपत्ती बुडाली. त्यानंतर त्यांनी पुन्हा शून्यातून व्यवसाय उभारला. तेजीत कमावलेले गेले, दिलेले तेवढे उभे राहिले.

रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या वृद्धांना येथे एक लहानसा बदल प्रथमच जाणवतो. मुंबई नागपूरच्या सव्वासहा अंश पश्चिमेस असल्याने सूर्य तेथे ऋतूनुसार वीस ते तीस मिनिटे उशिरा मावळतो आणि उगवतोही उशिरा. कळमेश्वरच्या सवयीने नवकारशी पारणे चुकू शकते, तर संध्याकाळी उगाच घाई होते. भिंतीवर मुंबईच्या वेळांचे पंचांग लागले, की नव्या शहरातील पहिला नियम घरात आला असे समजावे. चाकरीवरून लोकलने परतणाऱ्या मुला-सुनेला ती वेळ गाठणे कठीण जाते, हेही वडिलांनी समजून घ्यावे. घरी स्वयंपाक आणि दिवा यांचे नाते कसे ठेवावे, हे दोन्ही पिढ्यांनी बसून ठरवावे, हट्टाने नव्हे.

आलेल्यांसाठी उभी केलेली घरे

या शहरातील आपल्या समाजाच्या वास्तू पाहताना एक गोष्ट सतत समोर येते. त्या बहुतेक बाहेरून आलेल्यांनी, बाहेरून येणाऱ्यांसाठी उभारल्या आहेत. मूळचे सुरतेचे दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी (1851–1914) यांनी सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा बांधली आणि विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने 1915 साली श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले, ज्यात राहून गावोगावची मुले मुंबईत शिकली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तर समुद्राकडेच तोंड वळविले. त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्र नसलेल्या सोलापूरचा व्यापारी हे करू शकला, ही गोष्ट विदर्भातील घरांनी मुलांना सांगण्यासारखी आहे.

मुंबईच्याही आधी या किनाऱ्यावर बंदरे नांदत होती. नालासोपाऱ्याजवळचे प्राचीन शूर्पारक हे त्यांतील एक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये तेथे उत्खनन केले, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. ठाण्याचे नाव श्रीपाल राजाच्या कथेत येते, आणि तेथील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर कोकण शत्रुंजय म्हणून वंदिले जाते. रविवारच्या एका दिवसात लोकलने हे दोन्ही पाहता येते. नातवंडांना बरोबर न्यावे. शाळेच्या पुस्तकातील बेटे आणि आजोबांच्या कथेतील राजा एकाच गाडीच्या मार्गावर भेटले, म्हणजे दोघांनाही शहर जवळचे वाटते.

काय न्यावे, काय ठेवावे

वाड्याच्या किमतीत मुंबईत मिळणारे घर लहानच असते. कळमेश्वरच्या चौकात जेवढी जागा तुळशी-वृंदावनासारखी मोकळी पडलेली असे, तेवढ्यात तेथे तिघांचे स्वयंपाकघर, हॉल आणि देव्हारा बसवावा लागतो. पितळी हंडे, सागवानी कपाट, मोठा झोपाळा हे सारे नेणे शक्य नसते. ज्यांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत केवळ वहीत लिहिले होते, त्यांना ते येथे हाताने करावे लागते. जुन्या वह्या, वडिलांचे हस्ताक्षर, स्वाध्यायाची पुस्तके एवढे आधी बाजूला काढावे. बाकीचे गावातील गरजूंना देताना मन हलके होते.

एक गोष्ट मात्र गावात ठेवून यावी. विक्रीच्या रकमेतील ठरावीक भाग कळमेश्वरच्या शाळेसाठी, पाणपोईसाठी, औषधोपचारासाठी अथवा नागपुरात शिकणाऱ्या मुलांच्या राहण्यासाठी राखून ठेवावा. ज्या पेठेने तीन पिढ्या पोसल्या, तिचे देणे खरेदीखतावरील सहीने फिटत नाही. मोतीशा शेठ, प्रेमचंद आणि माणिकचंद यांची राहती घरे कोठे होती, हे आज मुंबईत फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्यांनी इतरांसाठी बांधलेल्या दारातून मात्र रोज माणसे आत जात आहेत. कळमेश्वरहून गेलेले दाम्पत्यही एके दिवशी त्याच दारांतून आत जाते, ओळीत बसते, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विचारते, “आपण मूळचे कोठले?”