टप कापलेल्या गाड्यांच्या रस्त्यावर

धडधाकट मोटारगाडीचा टप कुणी मुद्दाम करवतीने कापलेला पाहिलाय का? मी पाहिलाय. कापलेला आणि पुन्हा जोडलेला!

२०२४ च्या मे महिन्यात मी ताईकडे लॉस एंजेलिसला गेलो होतो. एका रविवारी संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, चल, तुला गाड्यांची जत्रा दाखवतो." शहराच्या पूर्वेला व्हिटियर बुलेवार्ड नावाचा लांबलचक रस्ता आहे. मेक्सिकोतून आलेली कुटुंबं त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. फुटपाथवर आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या आणि समोरून गाड्या चाललेल्या, आपल्या पोळ्याच्या बैलांसारख्या नटून, अगदी सावकाश. साठ वर्षांची जुनी इम्पाला जांभळ्या रंगात नुसती चमकत होती. आमच्यासमोर येताच तिने पुढची चाकं उंच केली नि खाली बसून जणू नमस्कार केला! भाचा हसून लोटपोट.

त्यामागे गंमत आहे. गाडी जितकी जमिनीलगत, तितकी देखणी, असं इथल्या पोरांचं मत. पण १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा आला की, गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली नको. पुढच्याच वर्षी एकाने गाडीत तेलाच्या दाबावर चालणारे पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. पोलीस गेला की खाली! पुढे तर अशा गाड्या रस्त्यावर रेंगाळत फिरवायलाही अनेक गावांनी बंदी घातली. ही दोन्ही बंधनं राज्याने १ जानेवारी २०२४ पासून उठवली. आम्ही गेलो त्याच्या जेमतेम पाच महिने आधी. म्हणून त्या आज्या इतक्या खुशीत होत्या की काय, कोण जाणे!

कडेला एक हिरवी मर्क्युरी उभी होती. दोन दारांची, मागे उतरत्या टपाची. अशा गाडीला कूपे म्हणतात. हिच्या खिडक्या मात्र झोपाळू डोळ्यांसारख्या बारीक. टपाचे खांब मधून कापून टप खाली आणला होता. सोपं वाटतं ना? एक बादली पालथी घाला. तिच्या मधली एक पट्टी कापून काढली, तर वरचा तुकडा खालच्यावर बसेल? नाही, वरचा लहान पडतो. गाडीचंही तसंच. मग टपाचेच तुकडे करून मध्ये पत्रा जोडायचा, खांब वाकवायचे, काचा नव्याने कापायच्या.

यातली सर्वांत गाजलेली गाडी इथून जवळच, लिनवूडला, बॅरिस बंधूंच्या गॅरेजात तयार झाली. बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या तरुणाने १९५२ मध्ये आपली मर्क्युरी त्यांच्याकडे दिली. टप पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच उतरवला, दारामागचा खांबच काढून टाकला. १९५९ मध्ये ती एका शाळकरी मुलाने ५०० डॉलरला घेतली. २०२२ च्या लिलावात तिला २१ लाख डॉलरहून जास्त किंमत आली. (बॅटमॅनची टीव्हीवरची गाडीही या बंधूंपैकी जॉर्जनेच केली हं!)

हिरव्या मर्क्युरीचा मालक म्हणाला, "जोड शोधून दाखवा." मी खांबावरून हात फिरवला. कुठेच लागेना. पूर्वी जोडात वितळलेलं शिसं भरून कानशीने घासत. शिशाचा धूर फार विषारी, म्हणून आता बरेच जण दुसरी लांबी भरतात.

मला आमचे अण्णा आठवले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते डेंटिंगचं काम करायचे. हातोडी ठेवून, डोळे मिटून ते पत्र्यावर तळवा फिरवत बसायचे. मला वाटायचं, डुलकी लागली. वर्गात पोरं मला 'ठोक्याचा पोरगा' म्हणत. म्हणून फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'व्यापार' असं लिहायचो. अण्णा सही करायचे. ते वाचत असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

घरी आल्यावर अण्णांना फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला, इकडे तिकडे सरकवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "जोड कुठाय रे?"

"मलाही नाही सापडला, अण्णा."

"हात लावून बघितलास?"

"हो."

"डोळे मिटून?"